सुटलेले रोजे

फारूक दुकानात आला तेव्हा मी झेरॉक्स मशीनवर होतो. लातूरच्या एका क्लासच्या फिजिक्सच्या नोट्स चालल्या होत्या. आमच्या गावातली निम्मी पोरं लातूरला क्लासला जातात आणि उरलेली निम्मी त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्सवर अभ्यास करतात. माझं दुकान त्यावर चालतं. गाव औसा आणि निलंग्याच्या मधलं. दुकानासमोर सरकारी दवाखाना. माझी बायको लता तिथं सिस्टर होती आणि फारूक तिथला जीपवाला. सकाळी दोघं एका अडलेल्या बाईला घेऊन लातूरला गेले होते.

"पेशंट चांगली हाय, भाऊ," फारूक म्हणाला. "टायमावर पोचली. भरती करून घेतली."

"बरं झालं. लता कुठं उतरली?"

त्यानं जीपची किल्ली काउंटरवर ठेवली, परत उचलली. मशीनमधून कागद येतच होते.

"मशीन बंद करा, भाऊ," तो म्हणाला.

मी बंद केलं.

पेशंटला आत सोपवून लता व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. दमल्यासारखं वाटतंय म्हणाली. फारूक पाणी आणू का म्हणाला, तर ती म्हणाली, "पाणी नको, च्या आण. अन् तू पण घे, सकाळपासून उपाशी हायस." तो चहा घेऊन आला तेव्हा ती भिंतीला टेकून होती. दवाखान्यातच होती, त्यामुळं डॉक्टर लगेच आले. त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. हृदय बंद पडलं होतं.

"फोनवर सांगायला जीभ न्हाई वळली," फारूक म्हणाला. "दोन सिस्टर बसल्यात तिच्यापाशी. एकटी न्हाई ठेवली मी."

त्याच जीपनं मी लातूरला गेलो. पुढच्या सीटवर तिची पिशवी होती. पिशवीतून पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची नळी बाहेर आलेली होती. ती मी मांडीवर धरून बसलो. मुलगा मिहिर पुण्याहून आला, तेरावा झाला, परत गेला. मी दुकान उघडलं.

लताचं काम काय होतं ते सांगायचं तर भूकंपापासून सांगावं लागेल.

भूकंप झाला तेव्हा ती नोकरीत नवीन होती. तिला किल्लारीकडच्या एका गावाच्या पत्र्याच्या शेडवर पाठवलं. फारूक आणि त्याची बायको गौसिया त्याच शेडमध्ये होते. घर पडलं होतं. फारूकचा भाऊ गेला होता. गौसियाला पहिल्यांदाच दिवस गेले होते. दिवाळीच्या सुमारास तिला कळा सुरू झाल्या. लतानं कितवा महिना विचारलं, तर सासू म्हणाली, नववा.

आमच्याकडं आठवा महिना तोंडानं कुणी म्हणत नाही. सातव्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं लोक मानतात. खरं तर एक महिना जास्त पोटात राहिलेलं मूल जास्त तगडं असतं, पण हे बोलून पटत नाही. म्हणून सातवा संपला की घरातली मोठी माणसं एकदम नववा म्हणतात. हिंदूंच्या घरात म्हणतात, मुसलमानांच्या घरातही म्हणतात.

लतानं गौसियाला बाजूला घेऊन खरं विचारलं. गौसियानं सांगितलं, आठवा आहे. लतानं बाहेर येऊन डॉक्टरांना सगळ्यांच्या देखत तेच सांगितलं. पोरगा संध्याकाळी झाला. श्वास घेताना त्याची छाती आत जात होती. शेडमध्ये काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो होता. सासू म्हणाली, बोलून दाखवलं म्हणून गेला.

लता घरी आली ती दोन दिवस नीट जेवली नाही. सासूचं बोलणं तिला लागलं नव्हतं. "मला बसायचं होतं तिच्यापाशी अन् मी महिना सांगायला पळाले," एवढंच म्हणाली.

पुढं फारूक आमच्या गावात राहायला आला, दवाखान्याची जीप चालवायला लागला. दीड-दोन वर्षांनी गौसियाला परत दिवस गेले. लता तपासायला बसली आणि पहिलाच प्रश्न आला, कितवा. गौसियानं तिचा हात धरला.

"बाई, महिना नका विचारू. मी म्हणणार न्हाई, अन् तुम्ही बी म्हणू नका. रोजे विचारा."

"रोजे?"

"रमजानमध्ये कोणते रोजे सुटले ते विचारा. ते कोणतीच बाई विसरत न्हाई. मागनं भरून द्यावे लागतात."

पाळीच्या दिवसांत बायका रोजा ठेवत नाहीत. सुटलेले रोजे वर्षभरात कधीतरी ठेवावे लागतात, त्याला कजा म्हणतात. गौसियानं सांगितले ते दिवस लतानं धरले आणि मोजलं. मुलगी पूर्ण दिवसांची झाली. तिचं नाव इकरा.

तेव्हापासून लतानं बायकांना महिना विचारणं सोडलं. तारीख विचारायची, पण शेतात राबणारी बाई तारीख कुठून सांगणार? ती सण विचारायची. पोळ्याला बैलांना ओवाळलंस का बाजूला बसली होतीस? येळवशीच्या अवसेला शेतात पूजेला गेलीस का? त्याच्यानंतर परत बसलीस का बाजूला? आमच्याकडं सणाच्या दिवशी बाईला अडचण आली की घरात त्याची बोलणी होतात, ती बोलणी वर्षभर लक्षात राहतात. एकदा निलंग्याकडची साखराबाई नावाची सासू सुनेला घेऊन आली होती. नववाच आहे म्हणून हटून बसली होती. लतानं सुनेकडं बघत विचारलं, "महालक्ष्म्यांचा सैपाक कोण केला गं या वर्षी?"

सून बोलायच्या आत सासूच म्हणाली, "कोण करणार? मीच मेले! ऐन महालक्ष्म्यांदिवशी बसली ही बया बाजूला. सोळा भाज्या एकटीनं चिरल्या मी, पुरण मी वाटलं."

"अन् घटाला?"

"घटाला होती की हाताशी. तवापासून कुठं बसलीय?"

"बरं बरं," लता म्हणाली, आणि मोजून जे करायचं ते केलं. आठवा हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. हे सांगताना ती घरी पोट धरून हसली होती.

दोन वर्षांपूर्वी तिला नांदेडला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून ती आली आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या खाटांखालच्या विटा काढल्या. दिवस भरायच्या आधी कळा आल्या की बाईला निजवून ठेवायची, उठू द्यायचं नाही, खाटेच्या पायाकडच्या बाजूला विटा लावून ती बाजू उंच करायची, ही जुनी रीत होती. लता स्वतः वीस वर्षं विटा लावत आली होती. वॉर्डात भामाबाई नावाची आया होती, ती विटा परत आणून लावायची.

"सिस्टर, विटा काढल्या तर लेकरं सांडतील की!"

"भामाबाई, लेकरू काय घागरीतलं पाणी हाय का सांडायला?"

"मग इतकी वर्षं लावल्या त्या काय येड्यावानी?"

"हाव. तुम्ही अन् मी, दोघी बी येड्यावानी. आता हजारो बायकांवर बघितलंय लोकांनी. निजवून काय फरक पडत न्हाई. उलट पायात रक्त धरतं, बाईचा जीव घाबरा होतो. तिला उठू द्या, संडासला जाऊ द्या, बसून जेवू द्या."

भामाबाईनं त्या विटा नेऊन दवाखान्यामागं तुळशीला कट्टा केला. तो अजून आहे.

मग काय करायचं, ते लता मला दुकानात बसून सांगायची. मी नोट्स लावत असायचो आणि ती बोलत असायची. मला अर्धं कळायचं. कळा खऱ्या आहेत का ते आधी बघायचं. लघवीत दोष आहे का, ताप आहे का, पाणी गेलंय का, अंगावरून जातंय का ते बघायचं. बाळाचे ठोके ऐकायचे. बाईजवळ बसून काय होतंय ते तिला सांगायचं. दिवस कमी असतील तर एक इंजेक्शन आहे. ते आईला द्यायचं, त्यानं पोटातल्या बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. पहिला डोस इथं देऊन, बाळ पोटात असतानाच आईला मोठ्या दवाखान्यात हलवायचं. बाळाला आईच्या पोटाइतकी चांगली गाडी दुसरी नाही, असं ती म्हणायची.

"मग द्यायचं की सगळ्यांनाच," मी एकदा म्हणालो.

"तसं न्हाई चालत. दिवस भरलेल्या बाईला दिलं तर फायदा न्हाई, अपाय होऊ शकतो. इंजेक्शन सोपंय, कुणी बी टोचील. दिवस कळणं अवघडंय."

नांदेडच्या प्रशिक्षणवाल्यांना तिची सणाची रीत आवडली होती. पुढच्या फेब्रुवारीच्या प्रशिक्षणात तिनं येऊन बाकीच्या सिस्टरांना ती सांगावी असं ठरलं होतं. लता स्टेजवर कधी बोलली नव्हती. दुकानात माझ्यासमोर उभी राहून म्हणून बघायची. "माझ्या बहिणींनो, बाईला महिना विचारू नका," इथपर्यंत म्हणायची आणि हसायला लागायची. मार्गशीर्षात ती गेली.

फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या होत्या. दुकानात गर्दी होती. दुपारी फारूक आला, पायात चप्पल नव्हती.

"भाऊ, इकराला आणलंय. कळा यायल्यात. जरा चला ना."

इकरा नांदेडला दिली होती. पहिलं बाळंतपण म्हणून महिन्याभरापूर्वी आईकडं आली होती. मी शटर अर्धं ओढलं आणि रस्ता ओलांडला.

वॉर्डात इरा सिस्टर होती. लताच्या हाताखाली शिकलेली, चांगली मुलगी. डॉक्टर आत एका बाईचं नसबंदीचं ऑपरेशन करत होते. इरा बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"काका, कळा खऱ्या आहेत. पिशवीचं तोंड थोडं उघडलंय. आईबाई म्हणतात नववा लागलाय. मग इथंच होऊ दे म्हणते मी."

"फाइल?"

"नांदेडला राहिली, कपाटात. जावई माल घेऊन हैदराबादला, फोन लागत नाही. सासू लग्नाला गेलीय. पोट मला जरा लहान वाटतंय, पण पोरगीच बारीक आहे. मी सण विचारला, काका. दसऱ्याचं विचारलं, दिवाळीचं विचारलं. ती नुसती आईकडं बघते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इराला सणाचं माहीत होतं पण रोज्यांचं माहीत नव्हतं. इरा आल्यापासून मुसलमान बायकांचं लता स्वतःच बघायची. नववा धरला तर पोरगी इथं बाळंत होणार. इथं लहान बाळाला ठेवायची सोय नाही, श्वासाचं मशीन नाही. आठवा असला तर शेडमध्ये झालं तेच होणार, त्याच बाईच्या डोळ्यांसमोर.

मी इराला म्हणालो, "तिला विचार, रमजानमध्ये..." आणि थांबलो. आतून आया हाक मारत होती. डॉक्टरांना हाताशी माणूस पाहिजे होतं. इरा आत पळाली.

गौसिया वॉर्डाच्या दारात आली होती. ओढणी दातात धरलेली. पुरुषानं बाईला हे विचारायचं नसतं. स्वतःच्या बायकोलाही मी कधी विचारलं नव्हतं. लता म्हणायची, "तुम्हाला तर कॅलेंडर बघून बी लाज वाटते." मी भिंतीकडं तोंड केलं.

"गौसियाभाभी," मी म्हणालो, "मी महिना विचारत न्हाई."

तिची पावलं जवळ आली.

"इकराचे रोजे कोणते सुटले?"

मागं फारूक उभा होता. तो तिथून निघून गेला, ते मला चपलेशिवायच्या पायांच्या आवाजावरून कळलं. गौसियाची बांगडी दाराच्या चौकटीवर वाजली. मला वाटलं आता ती मला दोन शब्द सुनावणार आणि तिचं बरोबरच असणार.

"बाईनं सांगितलं का तुम्हाला हे?" ती म्हणाली.

"हाव. तुम्ही तिला सांगितलेलं. ती मला सांगायची."

"त्या बारीला म्हणून बसले होते मी, भाऊ. म्हणले अन् गेला तो."

"मला म्हणून नका दाखवू काही. नुसते रोजे सांगा."

"सासरी होती ती रमजानला. मला ठाव न्हाई."

तेवढ्यात आतून, खाटेवरून, इकराचा आवाज आला. कळ येऊन गेल्यावर माणूस बोलतं तसा. "अम्मी, शेवटचे पाच. ईदीला नमाज बी न्हाई पढता आला मला. पाच बाकी हायत माझे, अजून ठेवायचेत."

"त्याच्यानंतर?" मी भिंतीलाच विचारलं.

"त्याच्यानंतर न्हाई काका. कधीच न्हाई."

इरा बाहेर आली तेव्हा मी सांगितलं. तिनं दवाखान्यातलं कॅलेंडर उलटं उलटं बघितलं, पण ते नव्या सालाचं होतं. भामाबाईनं स्टोअरमधून गेल्या सालचं आणलं, त्यात रद्दी बांधून ठेवली होती. ईद जुलैच्या मध्याला. इरानं बोट ठेवून आठवडे मोजले, मग परत मोजले. ओठ हलत होते पण आवाज काढला नाही.

"बत्तीस," ती म्हणाली. आठवा म्हणाली नाही. ते तिला लतानं शिकवलं होतं.

ती आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली. पोट बघितलं, त्याचाही मेळ बसला. इकराला इंजेक्शन दिलं, कळा थोड्या थोपवायची गोळी दिली. लातूरला फोन करून बाळाच्या विभागात जागा आहे का ते विचारून घेतलं. हे सगळं करताना ती प्रत्येक गोष्ट इकराला सांगत होती, हे कशाला, ते कशाला. भामाबाई इकराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उठून बस माय, आमच्यात निजवत न्हाईत आता. आमच्या सिस्टरनं बंद केलंय ते."

जीपमध्ये इकरा, गौसिया आणि इरा मागं बसल्या. इराची ड्युटी सुटली होती तरी ती आली. मी पुढं बसलो. रस्त्यात पाण्याचे टँकर होते, त्या वर्षी लातूरला पाणी नव्हतं. टँकरमागं सापडलो की मागून कळ आल्याचा आवाज यायचा आणि फारूक हॉर्न दाबायचा. लातूरला क्लास सुटले होते. पोरांचे लोंढे सायकलींवरून घरी चालले होते. फारूक काच खाली करून ओरडला, "अरे बाजू द्या रे डॉक्टर लोक, पेशंट हाय!" पोरं हसली आणि बाजूला झाली.

मोठ्या दवाखान्यात त्यांनी इकराला आत घेतलं. व्हरांड्यात तोच बाक होता. फारूक त्यावर बसला नाही, मीही बसलो नाही. आम्ही दोघं भिंतीला उभे राहिलो. थोड्या वेळानं गौसिया बाहेर आली, तिनं बाक बघितला. तिला काही माहीत नव्हतं. ती बसली. मग आम्हीही बसलो.

"च्या आणू का?" फारूक म्हणाला.

"नको," मी म्हणालो. "बस इथंच."

गोळीनं कळा थांबल्या नाहीत पण लांबल्या. इंजेक्शनचे राहिलेले डोस तिथं झाले. त्यानंतर मुलगी झाली. अगदी लहान होती. तिला काही दिवस नाकाला नळी लावून हवा द्यावी लागली. मग तिला इकराच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, ओढणीनं बांधून ठेवत. मी बघायला गेलो तेव्हा बाळाचं नुसतं टोपडं दिसत होतं. गौसिया जवळ बसली होती.

"ठीक हाय का?" मी विचारलं.

"दूध प्यायली आज," ती म्हणाली. मग बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाली, "बाई असती तर म्हणली असती, भाभी, तुम्हीच सांगितलं अन् तुम्हीच लपवलं."

"म्हणली असती," मी म्हणालो. "अन् हसली असती."

नांदेडचं प्रशिक्षण पुढं ढकललं होतं, तिथून दोनदा फोन आला. पहिल्यांदा मी सांगितलं की सिस्टर वारल्या. त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, दुसरं कुणी येऊन सांगेल का. इरा तयार आहे, पण तिला सुट्टी मिळालेली नाही. वॉर्डात आता ती एकटीच आहे. मी म्हणालो मी येतो, तर ते म्हणाले, सिस्टरांसमोर पुरुष माणूस हे कसं बोलणार, बघू. मी गौसियाभाभीला विचारलं. तिनं नाही म्हटलेलं नाही. नातीला सोडून इतक्यात जाणार नाही म्हणाली.

इकराचे पाच रोजे ठेवायचे बाकी आहेत. नांदेडला सांगायचं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.